बारतोंडीचा लाल

"परत उतरला गो?" नवसू रंगाऱ्यानं लुगडं हातात घेत विचारलं.

"रंग तुझा. मला काय विचारतोस?" असं म्हणून गोदू निवांत ओट्यावर टेकली.

नवऱ्याशी सोडमोड होऊन ती माहेरी, धसईला आली होती. सणाचं लाल लुगडं एकच, तेवढं घेऊन फिरून फिरून यायची. बाकीचा गाव कधीच पुडीच्या रंगाकडे वळला होता. बारतोंडीच्या मुळ्या कुटून रंग शिजेपर्यंत दोघांच्या गप्पा चालत. रंग धरतो तो तुरटीनं, हे नवसूला पक्कं ठाऊक. पण गोदूच्या लुगड्याला तो तुरटी हात राखून टाकी. नाव खराब झालं, हा तोटा. गोदू पुन्हा येई, ही जमा.

मग लढाई लागली आणि जर्मनीची पुडी बाजारातून नाहीशी झाली. कापडवाला चांगोशेट नवसूच्या दारी आला.

"गोदूचं लुगडं दिवाळीपर्यंत लाल राहिलं, तर दुकानातली सगळी लुगडी तुझ्याकडं. पण तुझा रंग उतरतो म्हणतात रे."

"नाय उतरणार."

या खेपेला नवसूनं तुरटी पुरती टाकली. शेटची अट मात्र गोदूला सांगितली नाही. लुगडं देताना तिच्याकडं बघितलंही नाही.

"पक्कं झालंय. आता फिरून यायला नको."

"बरं," म्हणून गोदू गेली.

दिवाळीच्या बाजारात नवसूसमोरच शेटनं तिला हाक मारली. लुगडं कांद्याच्या सालीसारखं फिकट पडलं होतं.

"गेला रे तुझा हात, नवसू," म्हणून शेट चालू लागला.

नवसूनं पदर उलटापालटा करून पाहिला. कुठं चुकलं, कळेना. "गेलाच म्हणायचा. शेटचं काम यावरच होतं गो. आता रंगाची भांडी विकून आसनगावला वखारीत जातो."

गोदूचा चेहरा उतरला. मग भर बाजारात ती ओरडली, "ओ शेट, थांबा! रंग पक्का हाय. मीच चिंचेच्या कोळात उकळून काढला!"

"आत्ता? या खेपेला?" शेटनं मागं वळून विचारलं.

"पयल्यापासून, दर खेपेला. नायतर याच्याकडं यायला निमित्त कुठलं?"