कूलरचं तोंड

चूक मान्य करणं हीच दुरुस्तीची पहिली पायरी असते, असं प्रभाकरराव तीस वर्षं वर्गात सांगत आले. सध्या ते गावच्या वाचनालयात कॉम्प्युटरमागची वायर हलवत बसले होते, आणि वायरीत काहीही बिघाड नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येऊन थांबली होती. शेवटी 'कर्नल पॅनिक' असं होतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा, कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या फुकट प्रणालीचा, गाभा. काल दुपारी नवा गाभा उतरत असताना 'मशीन बंद करू नका' अशी सूचना आली होती. पण पिपरी मेघेला रूपरावांकडे तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण होतं, आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत बुंदी उरत नाही. प्रभाकररावांनी भिंतीवरचं बटन बंद केलं होतं.

"मी म्हणत होतो न सर, विकतचं टाका." वाचनालयाचे अध्यक्ष बंडूजी कापडाचं दुकान सोडून आले होते. "फुकटाचं टिकत नाई."

"लिनक्सचा दोष नाही," प्रभाकरराव म्हणाले. सकाळपासून ते एवढंच खरं बोलले होते.

"मंग कोणाचा हाय?"

"माहा हाय," दारातून आवाज आला. अनुसयाबाई. झाडणं, पाणी भरणं आणि दुपारी एक ते चार, कुणी येत नाही तेव्हा, वाचनालय सांभाळणं त्यांच्याकडे होतं. "काल सर तेरवीले गेलते, तवा मी कूलर माह्याकडे फिरवला. लय गरमून राह्यलं होतं. कॉम्प्युटर तं बंदच होता."

कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडेच राहील, असा कार्यकारिणीचा ठराव होता. सूचक प्रभाकररावच होते.

"बंद होता म्हणून काय?" बंडूजी म्हणाले. "आपण झोपलो तं घाम येत नाई काय? दुसरी बाई पाहा लागते आता."

अनुसयाबाईंनी पदराने कोरडंच टेबल पुसायला घेतलं.

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. "तसं थेट म्हणता येणार नाही," ते म्हणाले. हे वाक्य मनात बरंच लांब होतं. बाहेर एवढंच आलं.

मग बाईंकडे पाहायला नको म्हणून ते पडद्याकडे नीट पाहू लागले, आणि तेव्हा त्यांना सुचलं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं, एक कळ दाबून धरली. यादी आली. लिनक्स नवा गाभा घेतं, पण जुना फेकत नाही; यादीत खाली ठेवतं. त्यांनी खालची ओळ निवडली. अर्ध्या मिनिटात पुस्तकांची नोंद उघडली.

"वाचला! सर होते म्हणून," बंडूजी म्हणाले. "राहू द्या बाई, या बारीले माफ. पण कूलरले हात नाई लावायचा. मशीन चालू असो का बंद." जाताना त्यांनी स्वतः कूलरच्या चाकांना दोन विटा लावल्या.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईंनी पन्हं आणलं. "तुमच्यानं काम राह्यलं माहं," त्या म्हणाल्या. प्रभाकरराव दोन ग्लास प्यायले. पहिला नाकारणं बरं दिसलं नसतं. दुसरा नाकारायला कारण द्यावं लागलं असतं.

"बाई," रिकामा ग्लास ठेवत ते म्हणाले, "परवाचं ते, मी जेव्हा गेलो..."

"जाऊ द्या न सर. चुकलं माहं. कायले घोकता?"

प्रभाकररावांनी घोकणं थांबवलं. एक वाजला होता. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, या वेळी रीतसर, आणि ते जेवायला निघाले. अनुसयाबाईंनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि दाराशी स्टुलावर बसून त्या जुन्या पेपरने वारा घेऊ लागल्या.

एक ते चार कॉम्प्युटर बंद असतो. कूलर चालू असतो.