बाकाची डावी बाजू

अंकिता आजही पियानोच्या बाकावर उजव्या टोकालाच बसली आणि अनुपमाबाईंचं डोकं फिरलं.

"मध्ये बस गं. आणखी कोणी यायचंय का?"

अंकिता मध्ये सरकली आणि वाजवू लागली. सोनाटाचा संथ भाग. उजवा हात असा मोकळा चालला, की मागे बसलेल्या दोघी मुलींनी फोन खाली ठेवले. डावा मात्र परक्याच्या घरात शिरल्यासारखा चाचपडत होता. ओळ संपता संपता उजव्या हाताने एक छोटीशी हरकत घेतली. ती कागदावर कुठेच नव्हती, तेव्हा बाईंनीही हरकत घेतली.

"थांब. हे कुठे शिकलीस?"

"घरी."

"घरी पियानो आहे?"

"नाय."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. महाडच्या नाक्यावर नवा क्लास निघाला होता आणि काही मुली आधीच तिकडे पळाल्या होत्या. आता अंकितासुद्धा? पोलादपूरच्या वरच्या वाडीतून एसटीने येणारी ही पोर म्हणजे त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी, पुढच्या महिन्यात तिची परीक्षा. तिकडे शिकून यायचं आणि इथे साळसूद चेहरा करून बसायचं! बाईंना राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"खरं सांग, दुसरं कोण शिकवतं तुला?"

अंकिता घाबरली. "कोण नाय, मॅडम. आजोबांची भजनाची पेटी हाय. तिला एक हात भात्यालाच लागतो, मग दोन हातांचं वाजवायचं कसं? म्हणून डावीकडं आजोबा बसतात. एका हातानं भाता मारतात नि दुसऱ्यानं डाव्या हाताचं सगळं तेच वाजवतात. मी उजवीकडं."

बाईंच्या डोक्यातला नवा क्लास तिथल्या तिथे बंद पडला. त्यांना हसू आलं, थोडी लाजही वाटली.

"अगं वेडे, परीक्षेला आजोबा बसणार आहेत का? आजपासून डावा हातही तूच वाजवायचा. आजोबांनी नुसता भाता मारायचा."

अंकिता नकळत पुन्हा उजवीकडे सरकली.

"भजनाला आता कोण जमत नाय, मॅडम. सगळी मुंबईला. मग आजोबांनी काय वाजवायचं?"