शेजारचा खाटीक

चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवून बापाने मुलाला डॉक्टर केलं. आज मुलाचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला आले होते. ते मांसाला शिवत नसत, म्हणून मुलाने सुपरमार्केटमधून सोयाच्या व्हीगन मीटबॉल्सचं पाकीट आणलं होतं.

बापाने एक गोळा चावून पाहिला आणि न राहवून म्हणाला, “चव जमलीय, पण खिमा असता तर मी मशीनमधून दोनदा फिरवला असता.”

“अहो व्याही, तुम्हाला बरं खिम्यातलं कळतं!” सासरे हसले.

“बाबांचं भाजीचं दुकान होतं ना,” मुलगा घाईघाईने म्हणाला, “शेजारी एक खाटीक होता, त्याचं बघून.”

बापाने घास गिळला.



“भला माणूस होता तो खाटीक,” तो म्हणाला. “आजच गेला.”