अडलेलं पान

"सहाव्यांदा तेच पुस्तक?"

उपासनेनंतर चर्चच्या वाचनालयाचं कपाट मीच उघडते. समोर अप्पा होते, माझे वडील. माझ्या लग्नाला ते आले नाहीत, तेव्हापासून आठ वर्षं आमचं बोलणं बंद. दीड महिना दर रविवारी ही कादंबरी ते मुकाट्यानं टेबलावर ठेवायचे आणि मी मुकाट्यानं पुढची तारीख घालायचे. आज मात्र राहवलं नाही.

"महिला मंडळातल्या चौघी थांबल्यात याच्यासाठी. सव्वाशे पानांना किती दिवस लागतात?"

अप्पांनी खुणेचं पान उघडलं. तिथं माझी लग्नपत्रिका होती. ते पान मला पाठ होतं. त्यात रुसलेल्या मुलीच्या दाराशी बाप येऊन उभा राहतो.

"यापुढं वाचवत नाही," ते पुटपुटले. "तिनं दार उघडलंच नाही तर?"

चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना विश्वासाचे धडे देणारा माणूस हा! रडावं की ओरडावं, मला कळेना.

"उघडते हो, अप्पा! पण आधी त्यानं ठोकायला नको का?"

पुस्तक मी काढून घेतलं. पत्रिका तेवढी त्यांच्या हातात परत ठेवली.

"माझ्या घराचा पत्ता खाली छापलाय."