पंप ठरला की निघू

“आई, चप्पल काढ. आज नाही जमत.”

प्रेमलाबाईंनी चप्पल काढली नाही. अंगावर ठेवणीतली साडी, खांद्याला पिशवी, हातात हापूसची पेटी, अशा त्या कात्रजच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशाच उभ्या राहिल्या. समोर त्यांचा मुलगा अभय नव्या कोऱ्या जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून टेपनं काहीतरी मोजत होता.

“आता काय झालं?”

“हवेचं ठरत नाहीये गं.”

आता हवेत ठरवण्यासारखं काय असतं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण अभयचं ऐकलं की पटतं, हीच तर पंचाईत. दगडधोंड्यांच्या वाटेनं जायचं, तर टायरमधली हवा पस्तिसावरून अठरावर आणायची. टायर पसरतं, दगडाला धरून राहतं. पण परत डांबरी रस्त्याला लागायचं, तर ती पुन्हा भरायची. डोंगरात कोण भरून देणार? म्हणजे स्वतःचा पंप पाहिजे. त्यात दोन जाती. एक डिकीत टाकून न्यायचा, बॅटरीला चिमटे लावले की सुरू. दुसरा बॉनेटखाली कायमचा बसवायचा. पहिला सुटसुटीत, पण चार टायरला अर्धा तास. दुसरा झटपट, पण त्यासाठी गाडीला भोकं पाडायची. नव्या गाडीला भोक म्हटलं की अभय बॉनेट बंद करून टाकायचा.

त्यानं खराडीच्या ऑफिसात बसून दोन्ही जातींच्या चौदा पंपांचा एक्केचाळीस ओळींचा तक्ता केला होता. ऑफिसच्या ग्रुपवर मतदान घेतलं, तर सात विरुद्ध सात. त्यात ज्याच्याकडे साधी स्कूटरही नाही, त्या अनिरुद्धनंही मत देऊन घेतलं.

“लग्नाच्या वेळी मुली किती पाहिल्या होत्यास रे?” शर्मिलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा विचारलं.

“एकच. तू.”

“मग पंप चौदा कशाला?”

अभयचं डोकं मोबाइलमध्ये होतं. तो पंधरावा बघत होता.

हे फेब्रुवारीपासून चाललं होतं. प्रेमलाबाईंची थोरली बहीण द्वारका वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगरावरच्या दहा घरांच्या वाडीत राहायची. वय ब्याऐंशी. फोनला तिथे रेंज नाही. पायथ्यापासून दीड तासाची खडी चढण, आणि प्रेमलाबाईंचे गुडघे गेलेले. सहा वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. अभयनं दिवाळीआधी जीप बुक केली, तेव्हा प्रेमलाबाईंनी मोठ्या तोऱ्यात निरोप धाडला होता, “अक्का, आता मुलाच्या गाडीतूनच येते बघ. थेट तुझ्या दारात.”

फेब्रुवारीत गाडी दारात आली, तेव्हापासून अर्धे रविवार त्या नटून खाली उतरायच्या. आदल्या दिवशी मंडईतून अक्काच्या आवडीचं काहीतरी आणायचं, आणि ते घरातल्यांनीच बुधवारपर्यंत खाऊन संपवायचं. आधी अंजीर झाले. मग द्राक्षं झाली. आता हापूस. “जांभळांपर्यंत तरी पोचेन ना रे?” असं त्या परवाच म्हणाल्या होत्या. हसत म्हणाल्या, पण डोळे भरले होते.

मध्यंतरी त्याच वाडीच्या संभाजीचा फोन आला होता. तो रोज टेम्पोनं कात्रजला दूध घालायला यायचा. “आजीनं निरोप दिलाय. म्हणत्यात, आता वर यायला काय अवघड न्हाई, ये म्हणावं.”

अभय हसला होता. “त्यांना काय, दगडातून अनवाणी चढायची सवय. अवघड कशाला म्हणतात ते त्यांना माहीत तरी आहे का?”

तर या रविवारीही तो बॉनेटमध्येच होता. बॅटरी काढून खाली ठेवली होती. चटईवर नटबोल्ट ओळीनं मांडले होते. एवढ्यात गेटमधून दुधाचा रिकामा टेम्पो आत आला. संभाजीनं पलीकडचं दार उघडलं आणि हात देऊन एका म्हातारीला खाली उतरवलं.

“अक्का!” प्रेमलाबाईंच्या हातून पेटी पडता पडता राहिली.

“तू येईना, म्हनून मीच आले,” द्वारकामावशी म्हणाल्या. “म्हटलं, जित्ती हायेस का न्हाई, बघावं तरी.”

दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. मग प्रेमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, जीपकडे एकदा पाहिलं, आणि हापूसची पेटी टेम्पोत ठेवली.

“आई, अगं, चहा तरी घेऊ दे मावशींना!”

“चहा वर जाऊन. चार दिवस राहणार आहे मी. तुझं सावकाश ठरू दे. आमचं दोघींचं ठरलंय.”

मुलाच्या गाडीतून जाण्याचा तोरा त्यांनी तिथेच पार्किंगमध्ये सोडला आणि कॅन ठेवायच्या टेम्पोत बहिणीला खेटून बसल्या. अभय टेप हातात घेऊन तसाच टेम्पोमागे धावला.

“संभाजी, थांबा! आईला घेऊन चाललाय, हवा किती ठेवलीय? अठरावर आणल्याशिवाय वर चढू नका. आणि भरायला पंप कुठला वापरता?”

“पेट्रोलपंप,” संभाजी म्हणाला. “म्हैन्यातून एकदा. फुकटात भरून देत्यात.”

“अहो, पण त्या दगडांच्या वाटेवर...”

द्वारकामावशींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“कसली दगडं रं बाबा? दिवाळीलाच डांबर पडलं, पार माझ्या उंबऱ्यापातूर. निरोप धाडला न्हवता व्हय?”