कोरडं जॅकेट

"हात लावून बघा," किल्लीबाई म्हणाली आणि जॅकेट सरळ मालकांच्या टेबलावर ठेवलं. "पिळलं तर पाणी निघेल."

मालकांनी हात लावला नाही. जॅकेटखालचा कागद तेवढा ओढून घेतला.

"जॅकेटं तीन, माणसं सात," ती म्हणाली. "एक जण घामाघूम होऊन बाहेर येतो, दुसरा तेच ओलं अंगावर चढवून उणे वीस डिग्रीत जातो. दादाचा खोकला ऐकलात कधी? बसून रात्र काढतो तो. आता पुन्हा छातीत गारवा भरला तर थेट हॉस्पिटल, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं ते बोललेच नाहीत."

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. त्यानेच तिला इथे चिकटवलं होतं. तो कोल्ड रूममध्ये गोठवलेल्या मटाराची खोकी लावायचा, ती दारावर असायची. किल्ली सदानकदा कमरेला, म्हणून सगळे तिला किल्लीबाईच म्हणत.

"मागच्या महिन्यात त्या आतल्या दांड्याचं तुणतुणं होतं," मालक म्हणाले. "आता जॅकेट."

"दांडा अजून तुटलेलाच आहे. दार आतून उघडत नाही."

"मग तुम्ही आहात ना दारावर!"

"आहे, म्हणूनच सांगतेय. उद्यापासून ओल्या जॅकेटवर मी कुणालाही आत सोडणार नाही. माणसाला धड कपडा देऊन कामाला लावणं हे तुमचं काम आहे, साहेब. त्यात उपकार कसले?"

मालकांनी हातातला कागद घडी घालून खणात टाकला.

"संध्याकाळी किल्ली घेऊन केबिनमध्ये या," एवढंच म्हणाले.

दुपारी जेवताना तिने दादाला सगळं सांगितलं. तो डबा तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, तोंडाला काही आवर? दोघांच्याही नोकरीवर पाणी सोडशील!"

"गेली तर गेली. तू धड राहिलास तर दुसरी मिळेल."

"मोठी आलीय मला सांभाळणारी," म्हणत तो हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि त्याला भिंत धरावी लागली. तिने मान फिरवली. तिला ते बघवत नसे.

कोल्ड रूमच्या दारावर कायदा तिचा होता. जॅकेटशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. एकदा तिने मालकांच्या मेव्हण्यालाही दारातून परत पाठवलं होतं. त्यामुळे कुलूप लावताना फार डोकं चालवावं लागत नसे. दाराबाहेर तीन खुंट्या होत्या. तिन्ही भरलेल्या दिसल्या की आत कुणी नाही. हाका मारण्यात अर्थ नव्हता. आतल्या पंख्यांच्या घरघरीत माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, आणि रॅकमागे कुणी असेल तर दारातून दिसत नाही. चार वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

साडेपाचला ट्रक आला. दार नुसतं लोटून ती अंगणात गेली. ड्रायव्हर हुज्जत घालणाऱ्यांपैकी होता, दोनदा खोकी मोजायला लावली. ती परत आली तेव्हा तिन्ही खुंट्यांवर जॅकेटं होती. तिने एकेकाला हात लावून पाहिला. तिन्ही ओलीच. ती मालकांच्या नावाने पुटपुटली, आतला दिवा बंद केला, कुलूप लावलं.

बाकीचे हातपाय धुऊन निघाले होते. दादा फाटकाजवळच्या बाकावर वाट बघत बसला असणार, रोजच्यासारखा. नोकरी गेल्याचं त्याला कसं सांगायचं, याचाच विचार करत ती जिना चढली.

"बसा. साहेब फोनवर आहेत," कारकून म्हणाला आणि तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसला. तिला ते मुळीच आवडलं नाही.

ती बसली. सहाचे सव्वासहा झाले, सव्वासहाचे साडेसहा. कारकुनाने कसलासा कागद टाइप केला आणि सही घ्यायला आत नेला. झालं, ती मनात म्हणाली, आपलंच पत्र. पावणेसातला मालकांनी हाक मारली.

"किल्ली?"

तिने ती टेबलावर ठेवली.

"साहेब, काढायचं तर मला काढा. दादाला ठेवा. त्याचं यात काहीच चुकलेलं नाही."

"बसा हो आधी." मालकांनी चष्मा काढून पुसला. "सकाळी राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही गेल्यावर ते जॅकेट जरा अंगात घालून बघितलं. दोन मिनिटं नाही सहन झालं मला, तेही इथे, या केबिनमध्ये." त्यांनी टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "सात नव्या जॅकेटांची ऑर्डर आहे ही. बाकीची सोमवारी येतील. दुकानात आज एकच तयार मिळालं."

तिला एकदम रडूच आलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो, साहेब. ते एक तेवढं दादाला द्या. बाकीचे थांबतील सोमवारपर्यंत."

"तुमच्या आधी मलाच सुचलं ते!" मालक खुशीत हसले. "तुम्ही ट्रकपाशी होतात ना, तेव्हाच कारकुनाने नेऊन दिलं त्याला. म्हटलं, बहिणीला एवढ्यात सांगू नकोस, मीच सांगेन. असा खूश झाला म्हणून सांगू, तसंच अंगात घालून शेवटची खोकी लावायला आत गेलासुद्धा."