पांढऱ्या रंगाचा पाचवा हात

"परत आला बघा डाग," दार उघडता उघडताच ग्रंथपालांनी सांगितलं. तक्रारीचा सूर लावायचा असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं, पण तो काही जमला नाही.

रंगारी चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेला. तिथे चारही भिंतींना जुन्या फॅशनच्या चॉकलेटी लाकडी फळ्या होत्या. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय साखर कुठली नि मीठ कुठलं ते कळायचं नाही. फळ्या उखडून टाइल्स लावणं पेन्शनीत बसत नव्हतं, म्हणून नुसता पांढरा रंग द्यायचं ठरलं. काम चार दिवसांचं. आज सहावा आठवडा होता.

पांढऱ्यावर पुन्हा पिवळट डाग उमटले होते.

"जुनं लाकूड. आतला रंग वर येतो," रंगारी म्हणाला. "अजून एक हात मारावा लागेल."

"मारा की. पण या खेपेला पैसे घ्या."

"काम नीट झालं नाही, त्याचे पैसे कसले मागायचे? तुम्ही चहा टाका."

मग रंग वाळेपर्यंत दोघे टेबलाशी बसले. रंगारी बोलत राहिला. गुडघ्यांबद्दल बोलला, घरभर काळा रंग मागणाऱ्या एका विक्षिप्त गिऱ्हाइकाबद्दल बोलला. ग्रंथपाल पोट धरून हसले. लोकांना "हळू बोला" म्हणून दटावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि बायको गेल्यापासून घर असं शहाण्यासारखं गप्प बसलं होतं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, अजून तोच रंगारी? दुसरा बघा ना."

"अगं, फुकट करतोय बिचारा."

"तेच म्हणते मी. त्याच्या पोटावर पाय का देताय?"

फोन ठेवल्यावरही ते वाक्य जाईना. तो माणूस पदरचा रंग घालत होता, ओट्याचा आधार घेत कण्हत उठत होता. आणि आपण रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन डाग दिसला की खूश होतो! ग्रंथपालांना स्वतःची लाज वाटली. रात्रभर ते कूस बदलत राहिले.

सकाळी ते रंगाच्या दुकानात गेले.

"जुन्या लाकडाचे डाग वर येतात. काही उपाय?"

"हा प्राइमर. रंगाच्या आधी एक हात मारायचा, डाग कायमचा बंद." दुकानदाराने डबा पुढे ठेवला.

ग्रंथपालांनी डब्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. हा घरी नेला की पुढच्या आठवड्यात बेल वाजणार नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही.

"द्या," ते म्हणाले.

"काम कुणाला दिलंय?"

त्यांनी रंगाऱ्याचं वर्णन केलं. गुडघ्यांसकट.

"अहो, मग डबा कशाला घेताय?" दुकानदार हसला. "त्यांना मी पहिल्याच दिवशी हाच दिला होता. दुसऱ्या दिवशी न उघडता परत घेऊन आले. म्हणाले, 'हा लावला, तर त्या घरी पुन्हा कुठल्या निमित्तानं जाऊ?'"